उंदरांच्या खोलीतल्या शिंका

आपल्या जिल्ह्यातील कितीतरी मुले-मुली आता बी.एस्सी., एम.एस्सी. करून किंवा डी.एम.एल.टी. होऊन मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत नोकरीला लागतात. त्यांतील काहींच्या नेमणूकपत्रावर 'संशोधन तंत्रज्ञ, रोगप्रतिकारशास्त्र विभाग' असे लिहिलेले असते. घरच्या मंडळींची समजूत अशी की मुलगी 'रक्त तपासते'. शेजारी विचारतात, आमच्या साखरेचा रिपोर्ट करून देशील का? आणि आई-वडिलांच्या मनात एकच काळजी, की तिथले जंतू पोरीला तर लागणार नाहीत ना! या स्तंभाकडे आलेल्या पत्रांत दोन पालकांनी नेमका हाच प्रश्न विचारला आहे. म्हणून या आठवड्यात रोग्याच्या आजाराऐवजी तपासणाऱ्याच्या आजाराबद्दल लिहितो आहे.

प्रथम हे शास्त्र काय आहे ते थोडक्यात पाहू. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी शरीराची राखण करतात. त्यांतील बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात. कुलपाला किल्ली बसावी तसे प्रत्येक प्रतिपिंड एका ठरावीक परक्या पदार्थाला चिकटते. टी पेशी काही ठिकाणी स्वतः लढतात, काही ठिकाणी इतरांना हुकूम देतात. लस टोचल्यावर काय होते, गोवर एकदा होऊन गेला की पुन्हा का होत नाही, दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले तर शरीर ते का नाकारते, या सगळ्यांचा अभ्यास म्हणजे रोगप्रतिकारशास्त्र. शोधनिबंधावर नाव बहुधा प्राध्यापकांचे पहिले-शेवटचे असते, पण नळ्या भरणारे, पेशी जगवणारे आणि उंदरांना टोचणारे हात तंत्रज्ञांचे असतात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्या वेळी त्यांच्या हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई एवढीच माणसे होती. हाफकिन यांचे नाव संस्थेला मिळाले. त्या चौघांची नावे मला कोठे वाचायला मिळालेली नाहीत.

माझ्याकडे लहानपणापासून येणारी एक मुलगी अशाच एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. शहराचे आणि विद्यापीठाचे नाव येथे देत नाही. तिच्या आजारपणाच्या निमित्ताने मी ती प्रयोगशाळा पाहून आलो, त्यामुळे ऐकीव न सांगता पाहिलेले सांगता येईल.

तिचा दिवस सकाळी साडेनऊला सुरू होतो. पहिले काम म्हणजे पेशींची विचारपूस. उबवणपेटीत ३७ अंश तपमान आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइड ठेवलेला असतो, त्यात प्लॅस्टिकच्या चपट्या बाटल्यांत पेशी वाढतात. पेशींचे अन्न गुलाबी रंगाचे असते. ते पिवळे पडू लागले की पेशींनी आम्ल सोडले, आता अन्न बदलायला हवे असे समजायचे. गोठ्यातल्या जनावराला रविवार नसतो, तसाच पेशींनाही नसतो. दिवाळीच्या पाडव्याला ही मुलगी बसची वाट पाहत उभी असताना तिचे लक्ष बाटल्यांत होते, असे तिची आई सांगते.

मग येते 'एलायझा'. हे नाव आपल्याकडे डेंग्यूमुळे घरोघरी पोहोचले आहे. सरकारी रुग्णालयांत डेंग्यूची एलायझा होते, तिची किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने तयार केलेली असते. मूळ पद्धत १९७१ साली स्टॉकहोम विद्यापीठात एव्हा एंगव्हाल आणि पीटर पर्लमन यांनी काढली, आणि त्याच सुमारास हॉलंडमधील दोघांनीही तीच स्वतंत्रपणे शोधली. लहानसे आप्पेपात्र डोळ्यांसमोर आणा. फक्त त्याला आठ ओळी आणि प्रत्येक ओळीत बारा, असे ९६ बारीक खळगे आहेत. खळग्याच्या तळाला जंतूचा एखादा अंश चिकटवून ठेवायचा, त्यावर रुग्णाच्या रक्ताचा द्रव घालायचा. त्यात त्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे असतील तर ती तळाला चिकटतात. बाकीचे धुऊन टाकायचे. मग रंग आणणारे रसायन जोडलेले दुसरे प्रतिपिंड घालायचे, पुन्हा धुवायचे, आणि शेवटी रंग येतो की नाही ते पाहायचे. धुणे कमी पडले तर निरोगी माणसाच्या खळग्यातही रंग उमटतो. सगळी अक्कल त्या धुण्यात आहे, असे ती मला म्हणाली, आणि ते मला पटले.

हे सर्व द्रव मोजण्याचे साधन म्हणजे अंगठ्याने दाबायचे मायक्रोपिपेट. ते १९५७ साली जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठात हाइनरिश श्निट्गर यांनी तयार केले. त्याआधी पिपेट तोंडाने ओढत असत. आम्ही एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाला असताना, म्हणजे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, रक्तपेशी मोजण्यासाठी रबरी नळी तोंडात धरून रक्त ओढत होतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. आता तसे करणाऱ्याला प्रयोगशाळेबाहेर काढतात आणि ते योग्यच आहे.

आणि उंदीर. पांढरे, वीस-तीस ग्रॅमचे, लाल डोळ्यांचे. रोगप्रतिकारशास्त्राचे बरेचसे ज्ञान या प्राण्याच्या प्लीहेतून आले आहे. १९७५ साली केंब्रिज येथे कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी उंदराच्या प्लीहेतील पेशींचा कर्कपेशींशी संयोग घडवून एकाच प्रकारची प्रतिपिंडे अखंड बनवणाऱ्या पेशी तयार केल्या. त्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल मिळाले. आज स्तनाच्या कर्करोगावर आणि संधिवातावर जी महागडी इंजेक्शने देतात, त्यांतील कित्येक त्याच शोधाची फळे आहेत. तेव्हा उंदरांशिवाय अशा विभागाचे पान हलत नाही, असे म्हटले तरी चालेल.

पालकांच्या प्रश्नाकडे आता वळू. लागण होण्याची भीती खरी आहे, पण तिचा बंदोबस्त ठाऊक असलेला आहे. शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसलेला धोका वेगळाच आहे. दुसऱ्यांच्या प्रतिकारशक्तीचा अभ्यास करता करता तंत्रज्ञाची स्वतःचीच प्रतिकारशक्ती बिथरते. त्याला प्रयोगशाळेतील प्राण्यांची ॲलर्जी म्हणतात. अमेरिकेतील कामगार-आरोग्याची राष्ट्रीय संस्था 'नायॉश' हिने १९९८ साली दिलेल्या इशाऱ्यात म्हटले होते की प्राणी हाताळणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्क्यांना ॲलर्जीची लक्षणे होतात आणि सुमारे १० टक्क्यांना प्राण्यांमुळे दमा होतो. बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच हे सुरू होते.

याचे मूळ उंदराच्या लघवीत आहे. माणसाच्या लघवीत प्रथिन सापडले की आम्ही डॉक्टर काळजीत पडतो. उंदराच्या लघवीत ते निसर्गतःच भरपूर असते, आणि नरात मादीपेक्षा अधिक. पिंजऱ्यात भाताचा तूस किंवा मक्याच्या कणसाचा भुगा अंथरलेला असतो. त्यावर लघवी पडते, सुकते आणि अंथरूण बदलताना तिची अतिसूक्ष्म धूळ उडते. डोळ्याला न दिसणारी ही धूळ कितीतरी वेळ हवेत तरंगत राहते. उंदराला हातही न लावता केवळ त्या खोलीत ये-जा करणाऱ्याच्या नाकात ती जाते. काही माणसांचे शरीर या प्रथिनाला शत्रू समजून 'आयजीई' नावाची प्रतिपिंडे बनवते. ही प्रतिपिंडे नाक, डोळे आणि श्वासनलिकांतील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या खेपेस धूळ आली की त्या पेशी फुटून हिस्टामीन सोडतात, आणि शिंका, डोळ्यांना खाज, अंगावर गांध्या, छातीत घरघर असा क्रम सुरू होतो.

याचा शोधही मोठा मजेशीर आहे. १९२१ साली ब्रेस्लाऊ येथे प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर हे दोघे काम करत होते. क्युस्टनरला मासे सोसत नसत. त्याच्या रक्तातील द्रव प्राउस्निट्झने स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि मासे मजेत खाणाऱ्या त्या माणसाच्या पोटावर गांधी उठली. म्हणजे ॲलर्जी करणारे काहीतरी रक्तात असते, हे सिद्ध झाले. ते काहीतरी म्हणजे आयजीई, हे ठरायला १९६६-६७ साल उजाडले. अमेरिकेत डेन्व्हर येथे इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये उप्साला येथे जोहान्सन व बेन्निक यांनी ते स्वतंत्रपणे शोधले. दुसऱ्याचे रक्त असे टोचून घेण्याचा प्रयोग आता कोणी करत नाही, वाचकांनीही करू नये.

आमच्या मुलीचे असेच झाले. नोकरीच्या सातव्या-आठव्या महिन्यात शिंका सुरू झाल्या. शहराची हवा बाधली, असे सगळ्यांनी ठरवले. वर्ष संपता संपता रात्रीचा खोकला लागला. तेथील एका डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, बेडका तपासला, दोन्ही निर्दोष. खोकल्याची औषधे झाली, काढे झाले. दिवाळीला ती गावी आली आणि चार दिवसांत खोकला बंद. आईने आले-मधाला श्रेय दिले. परत गेली आणि मंगळवारपासून पुन्हा छाती भरली. संक्रांतीला आली, तेव्हा वडील तिला घेऊन माझ्याकडे आले.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण ती फक्त प्रयोगशाळेला लागू नाही. पिठाच्या गिरणीत, जिनिंगमध्ये, बेकरीत, कोंबड्यांच्या शेडमध्ये, रंगाच्या फवाऱ्यावर काम करणाऱ्या माणसाला खोकला-दमा असेल तर त्याला विचारावे, सुट्टीत बरे वाटते काय? आठवडी सुट्टीला कमी आणि कामावर गेल्यावर जास्त, असे उत्तर आले की आजाराचे मूळ कामाच्या जागी शोधायचे. कधी त्रास काम संपल्यावर चार-सहा तासांनी, रात्री होतो, त्यामुळे कामाचा संबंध रोग्याच्याही लक्षात येत नाही.

मी तिला पीक फ्लो मीटर दिले. ही प्लॅस्टिकची साधी नळी आहे, काही शे रुपयांत मिळते. जोरात फुंकले की काटा सरकतो. दिवसातून चार वेळा फुंकायचे, प्रत्येक वेळी तीनदा, आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. कामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस वेगवेगळ्या शाईने. तीन आठवड्यांची ती वही माझ्या टेबलावर आली. तंत्रज्ञच ती, आलेखही काढून आणला होता. गावी असताना ३८०, कामावर बुधवारी संध्याकाळी २७०, रविवारी पुन्हा ३५० च्या वर. दिवसादिवसांतला फरक वीस टक्क्यांच्या पुढे गेला की आम्ही दम्याचा विचार करतो. येथे तर तो कामाच्या वाराप्रमाणे वरखाली होत होता. पुढे शहरात उंदराच्या प्रथिनाविरुद्धची आयजीई तपासून घेतली, ती वाढलेली निघाली. आयजीई मोजण्याची ती तपासणी याच एलायझाच्या जातीची. स्वतःचा रिपोर्ट वाचताना तिला हसू आले.

खरी अडचण त्यानंतर आली. तिचे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक. मुलीला बाहेर बसवून ते हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, कागदावर दमा लिहू नका. पोरीचं लग्न व्हायचं आहे. ॲलर्जी लिहा."

मी म्हणालो, "गुरुजी, नुसती ॲलर्जी लिहिली तर तिला सेट्रिझीनची गोळी देतील आणि उद्या परत त्याच खोलीत पाठवतील. कामामुळे झालेला दमा असं लिहिलं, तर खोली बदलावी लागेल."

ते गप्प राहिले. तेवढ्यात दारातून ती म्हणाली, "काका, तुम्ही लिहा. बाबांशी मी बोलते." मी लिहिले. वहीतील आलेख जोडला आणि खाली सही-शिक्का केला.

हे लिहून देणे महत्त्वाचे का, ते सांगतो. लक्षणे सुरू झाल्यावर लवकर त्या धुळीपासून दूर गेले तर पुष्कळ जण सुधारतात. तसेच ओढत वर्षानुवर्षे काढली तर नोकरी सोडल्यावरही दमा सुटत नाही. इनहेलर घेत घेत त्याच खोलीत काम करणे म्हणजे फुटक्या कौलाखाली बादली ठेवून समाधान मानणे. इनहेलर वाईट नाही, त्याची सवय लागत नाही, तो मीही तिला दिलाच. पण तो खोली बदलण्याच्या जोडीला. शिवाय अशी संवेदनशीलता झालेल्या माणसाला उंदीर चावला तर क्वचित सर्वांगाला प्रतिक्रिया येऊन रक्तदाब कोसळू शकतो, हेही विसरू नये.

त्या विभागाच्या प्रमुख बाई समजूतदार निघाल्या. तिला पेशींच्या आणि एलायझाच्या खोलीत दिले, उंदरांचे काम दुसऱ्याकडे गेले. जो आता तिथे जातो त्याला एन-९५ मुखपट्टी मिळते. करोनाच्या साथीत आपण जी साधी निळी मुखपट्टी लावत होतो, ती या धुळीला पुरेशी नाही. अंथरूण बदलण्याचे काम उघड्यावर न करता हवा ओढून घेणाऱ्या कपाटात होते, पिंजऱ्यांना वरून गाळणीची झाकणे आली. अंगातला कोट तेथेच ठेवायचा, घरी न्यायचा नाही. हा नियम तर प्रत्येक तंत्रज्ञाने पाळावा, कारण कपड्यांबरोबर ती धूळ घरच्या लेकरांपर्यंत जाते. ज्यांना आधीपासून सर्दीची ॲलर्जी किंवा इसब आहे, त्यांना हा त्रास होण्याचा संभव अधिक. म्हणून त्यांना नोकरी नाकारावी असे मला वाटत नाही, पण पहिल्या दिवशी फुंकून आकडा लिहून ठेवावा आणि पहिली तीन वर्षे लक्ष ठेवावे. आज तिचा आकडा ३७० च्या आसपास असतो. लग्नाचे म्हणाल तर बोलणी चालू आहेत, आणि पाहुण्यांना तिने स्वतःच सगळे सांगितले आहे.

बाकीचे किरकोळ, पण सांगायला हवे. दिवसभर पिपेट दाबून अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखते. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवल्यावर कळ आली तर ते स्नायूबंधाच्या वेष्टनाची सूज असते. हलक्या दाबाचे पिपेट आणि मधूनमधून विश्रांती हा उपाय. जंतू मारायला लावलेल्या अतिनील दिव्याखाली हात-डोळे नेले तर वेल्डिंगवाल्यांना होतो तसा रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखा त्रास होतो. पेशी गोठवायला लागणारा द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो, त्याचा एक लिटर उडाला की जवळजवळ सातशे लिटर वायू होतो, म्हणून बंद खोलीत किंवा लिफ्टमध्ये त्याच्यासोबत जाऊ नये, माणूस न कळता गुदमरतो. स्वच्छ हवा अंगावर सोडणारे कपाट आणि जंतूंपासून माणसाला वाचवणारे कपाट ही दिसायला सारखी पण दोन वेगळी यंत्रे आहेत. पहिले फक्त नमुन्याला जपते. रुग्णाचे रक्त त्यात हाताळू नये.

रक्त हाताळणाऱ्याने कावीळ-बीची लस घेतलीच पाहिजे. शून्य, एक आणि सहा महिने अशी तीन इंजेक्शने, आणि शेवटच्या इंजेक्शननंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी तपासावी. ती दहाच्या वर असली की लस लागू पडली. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्यांना कावीळ-बी आणि धनुर्वाताची लस देणे, नेमणुकीच्या वेळी आणि नंतर वर्षातून एकदा तपासणी करणे ही संस्थेची जबाबदारी आहे, आणि संशोधन संस्था त्यातून सुटलेल्या नाहीत. प्रोजेक्टवर लागलेली मुले कायम नोकरीत नाहीत म्हणून यादीतून गळतात. मुलांनी लाज न बाळगता मागावे.

सुई टोचल्यावर लस न घेतलेल्याला कावीळ-बी होण्याचा संभव शंभरात तीसपर्यंत, कावीळ-सी चा साधारण तीन, आणि एचआयव्हीचा हजारात तीन, असा आमच्या पाठ्यपुस्तकांतला ठोकताळा आहे. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावताना बऱ्याच जखमा होतात, तेव्हा टोपण लावूच नये, सुई तशीच पांढऱ्या टणक डब्यात टाकावी. टोचलीच तर जखम पिळू नये, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि लगेच वरिष्ठांना सांगावे. एचआयव्ही टाळण्याची औषधे दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. सरकारी रुग्णालयांत ती मिळतात. शनिवारी संध्याकाळी सुई टोचली तर सोमवारची वाट पाहू नये, त्याच रात्री जावे.